बटाल्याचा वधूपक्ष

पाजी ज्या लग्नाला जात, त्या लग्नात ते मुलीकडचे असत. आमंत्रण कोणाकडून आलं, पत्रिकेत नाव कोणाचं, बस कोणी केली, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. कार्यालयाच्या दारात पाऊल पडलं की पगडी सारखी करायची, बाह्या वर सारायच्या आणि पहिला दिसेल त्या माणसाला विचारायचं, "पाणी कुठं आहे?" प्यायला नव्हे, द्यायला.

पाजी म्हणजे पंजाबीत थोरला भाऊ, आणि भोसरीत सगळे त्यांना तशीच हाक मारत. त्यांच्या शेडमध्ये लेथवर काम करणाऱ्या बालाजीचं लग्न लातूरकडे होतं. भोसरीहून वऱ्हाडाची बस निघाली, तेव्हा पाजी पुढच्या सीटवर, नवरदेवाच्या मागेच बसले होते. रात्रभर सगळ्यांना घरचे पराठे वाटले. सकाळी गावाच्या वेशीवर बँड लागला, बालाजी घोड्यावर चढला आणि बघतो तर पाजी गायब. शोधाशोध झाली. वरात मांडवाच्या दारात पोचली तेव्हा नवरीच्या चार मामांच्या मधोमध पाजी उभे. हातात गुलाबदाणी. "या जी, या! लांबून आलात, त्रास तर नाही झाला?"

बालाजी घोड्यावरून ओरडला, "पाजी, एकाच बसमधनं आलोय की आपण!"

"म्हणून तर माहीत आहे," पाजी म्हणाले, "थकला असशील." आणि त्याच्या तोंडावर गुलाबपाणी उडवलं.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत त्यांचं नाव 'वधूपक्ष' पडलं. नट-बोल्टवाला दुकानदारसुद्धा फोनवर सरळ विचारायचा, "वधूपक्ष आलेत का शेडवर?" पुढे हेच पाजी माझे सासरे झाले. म्हणजे रीतीनं पाहिलं तर ते पक्के, अस्सल वरपक्ष झाले, आणि सगळा घोळ तिथंच झाला. पण त्याआधी बटाला.

बटाला हे पंजाबातलं सरहद्दीजवळचं शहर. शहर म्हणावं तर लहान, गाव म्हणावं तर मोठं. पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी शिखांच्या पहिल्या गुरूंचं, म्हणजे पाजींच्या भाषेत बाबाजींचं, लग्न इथल्या मुलीशी झालं. सुलतानपूरहून वरात आली. तेव्हापासून त्या लग्नाचा दिवस बटाला विसरलेला नाही. दर वर्षी भाद्रपदात वरात तशीच वाजतगाजत येते आणि अख्खं शहर तिच्या स्वागताला रस्त्यावर उतरतं. गल्लोगल्ली लंगर, दिव्यांच्या माळा, दूध, खीर, भजी. पाजी छातीवर हात ठेवून सांगत, "नवरी आमच्या गावची. म्हणजे आमच्या गावात जो जन्मला तो मुलीकडचा. असी कुडीवाले. यात माझं काय चुकलं?"

त्या लग्नातली एक गोष्ट ते नेहमी सांगायचे. वरात एका कच्च्या मातीच्या भिंतीशी टेकली होती. भिंत कललेली आणि दिवस पावसाचे. एक म्हातारी पुढे आली आणि नवरदेवाला म्हणाली, बाळा, तिथून ऊठ, ही भिंत पडायला आली आहे. बाबाजी म्हणाले, माई, ही युगानुयुगं पडणार नाही. ती भिंत आजही आहे, काचेआड जपून ठेवलेली. बाकीचे लोक ही गोष्ट सांगताना बाबाजींचं बोलणं सांगून हात जोडतात. पाजी मात्र म्हातारीपाशी थांबत. "ती म्हातारी कोण होती, सांग पुत्तर? मुलीकडची! वरातीला इजा होऊ नये याची काळजी दुसऱ्या कोणाला असणार?" मी लहानपणी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली की मला ती म्हातारी पाजींची आजीच वाटायची.

भोसरीला एमआयडीसीला लागून आमचा कांद्याचा मळा होता. माझ्या जन्माच्या आगेमागे तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यावर पत्र्याच्या शेड उभ्या केल्या. पहिल्या शेडमध्ये पाजी आले. ट्रकमधून एक लेथ, दोन ट्रंका आणि मम्मीजी, म्हणजे त्यांच्या पत्नी, एवढं घेऊन. लेथही बटाल्याचाच. त्या गावात गल्लीगल्लीत ओतकामाच्या भट्ट्या आणि लेथचे कारखाने होते, आणि पाजींच्या घरात तीन पिढ्या तेच काम. मग ते गाव सोडून इतक्या लांब का आलात, असं विचारलं तर पाजी एवढंच म्हणत, "दिवस वाईट होते." इतर कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर अर्ध्या तासाचं असे. या एका प्रश्नाला तीन शब्द.

शेडमध्ये येणारं गिऱ्हाईक म्हणजे त्यांच्या लेखी वरात. एकदा कुठल्याशा कंपनीचा खरेदी अधिकारी माल उशिरा पोचला म्हणून तावातावानं आला. पाजींनी खुर्ची पुसली, टॉवेल अंथरला, पाणी दिलं, मग आल्याचा चहा, मग मुळ्याचा पराठा आणि लोण्याचा गोळा. तो गृहस्थ दोन पराठे खाऊन, चार बांधून घेऊन, हात मिळवून गेला. मोशीच्या चौकात पोचल्यावर त्याला आठवलं की आपण भांडायला गेलो होतो. मग त्यानं तिथून फोन करून आरडाओरडा केला. पाजी शांतपणे म्हणाले, "साहेब, आधी खाऊन घ्या. गार झाल्यावर मजा नाही."

लेथच्या मागच्या भिंतीवर एक लाकडी चाक टांगलेलं होतं. शोभेचं वाटे, पण तो साच्याचा नमुना होता. असे नमुने वाळूत दाबून साचा घेतात आणि मग त्यात लोखंड ओततात. त्याचीही गोष्ट होती. फाळणीच्या वेळी दोन-तीन दिवस बटाला कोणत्या देशात गेलं हेच कोणाला धड कळेना. पाजींचे आजोबा सकाळी ओट्यावर दाढी विंचरत बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "काय रे, आज आपण कुठं आहोत?" शेवटी गाव इकडे राहिलं आणि आजोबांचे उस्ताद तिकडे गेले. उस्ताद मुसलमान. ज्यांच्याकडून आजोबा सगळं शिकले, ते जाताना आपले सगळे नमुने आजोबांच्या ओसरीवर ठेवून गेले. म्हणाले, वापरत राहा, लाकूड नुसतं पडून राहिलं की वाकडं होतं. पाजी दर दिवाळीला त्या चाकाला तेल लावत. उस्तादांच्या घरचं कोणी कधी आलंच, तर चाक सरळ असायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं.

तात्या आणि पाजी यांचा सकाळी अकराचा चहा कधी चुकला नाही. तात्या म्हणजे पांढरी टोपी, ताठ मान आणि मोजकं बोलणं. पाजी म्हणजे सगळं उलट. दोघं शेडच्या दारात उभ्यानं चहा प्यायचे. श्रावण संपत आला की पाजी म्हणायचे, "तात्याजी, या वर्षी चला बटाल्याला. वरात येते आहे."

"आता? गौरी बसत्यात घरात. मी कसा यिऊ?" तात्या म्हणायचे. "फुडच्या साली बघू."

खरंच, बाबाजींचं लग्न आणि आमच्या गौरी एकाच सुमाराला येतात. तीसहून जास्त वर्षं हेच आमंत्रण आणि हेच उत्तर.

आता माझं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागले. पाजींचा मुलगा हरजोत तोवर शेड बघू लागला होता. त्याच्याकडून आमच्याकडे आलेल्या पहिल्याच मालातल्या चौदा पिना मी रिजेक्ट केल्या. तो मायक्रोमीटर घेऊन भांडायला आला. ते भांडण तीन वर्षं चाललं आणि शेवटी आम्ही लग्न करायचं ठरवलं. त्या पिना वाईटच होत्या, हे मी आजही सांगते.

मी तात्यांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "पोरगं बरं हाय. पन भावकीला इचारावं लागंल."

आमची भावकी म्हणजे शंभर घरं, पण त्यांचं तोंड एकच. ते म्हणजे आबा, तात्यांचे चुलते. ऐंशीच्या पुढचे, दात गेलेले, हातात काठी. आबा ज्या लग्नात अक्षता टाकायला गेले नाहीत त्या लग्नात भावकीतलं चिटपाखरू जात नसे, आणि आबांना डावलून तात्या पोरीचं लग्न लावतील हे शक्यच नव्हतं. म्हणजे माझं लग्न आबांच्या मुठीत होतं.

आमच्या घरी बैठक ठरली. मुलाकडच्यांसाठी गादी घातली, लोड टेकवले. पाजी आले आणि गादीवर बसेचनात. दाराशी उभे. माझ्या चुलतभावाच्या हातातलं पाण्याचं तबक त्यांनी कधी काढून घेतलं ते कळलंसुद्धा नाही. सगळ्या भावकीला वाकून वाकून पाणी दिलं. मग आबांसमोर हात जोडून म्हणाले, "आमचा मुलगा पसंत पडला तर आनंद आहे. नाही पडला तरी जेवल्याशिवाय जायचं नाही." आमच्याच घरात, आमच्याच आबांना!

भावकी एकमेकांकडे बघायला लागली. कोणीतरी हळूच म्हणालं, "मुलाचा बाप येवढा वाकतोय म्हंजी पोरात कायतरी खोट हाय." झालं. हरजोतला दारापर्यंत चालत जाऊन परत यायला सांगितलं, लंगडतो का ते बघायला. मग मोठ्यानं बोलायला सांगितलं, तोतरा आहे का ते बघायला. मग लांबचं कॅलेंडर वाचायला लावलं. बिचाऱ्यानं सगळं केलं. कॅलेंडरवरची चतुर्थीसुद्धा वाचली.

आबांनी काठी आपटली. "पगडीचं मला काय न्हाई. तीस वरीस बगतोय, मानूस सोन्यासारखा हाय. पन व्याही कसा, समूर बसनारा पायजे. उद्या आपल्या पोरीला तिकडं कुनी दुखावलं तर जाब कुनाला इचारायचा? ह्यो तर आपल्याच बाजूला यिऊन बसलाय!"

मग आबांनी निकाल दिला. लग्नात अक्षतांच्या आधी व्याह्यानं भावकीसमोर एकदा रुसून दाखवायचं. रीतसर. रुसवा निघाला की नातं पक्कं. "रुसला न्हाई, तर मी अक्षता टाकनार न्हाई," असं म्हणून आबा उठले.

आणि मग शेडमध्ये पाजींची रुसायची शिकवणी सुरू झाली. गुरू मम्मीजी. त्या जालंधरच्या. "मी बटाल्याची नाही, मला सगळं येतं," असं म्हणून त्यांनी पदर खोचला. मान कशी फिरवायची, 'नको' कसं म्हणायचं, समोर चहा आला तरी कपाकडे कसं बघायचं नाही, सगळं करून दाखवलं. त्या इतक्या सुरेख रुसल्या की बालाजी घाबरून माफी मागायला लागला. मग पाजींची पाळी. स्टुलावर पाठ फिरवून बसले. मी तबकात चहा आणला. "पापाजी, चहा घ्या ना." पाच सेकंद झाली, दहा झाली. मग हळूच मान वळली. "पुत्तर, तबक जड आहे, इकडे दे." सगळं मुसळ केरात. महिनाभर रोज एक तास शिकवणी झाली आणि पाजींचा विक्रम चाळीस सेकंदांचा झाला, तोही त्या दिवशी त्यांना डुलकी लागली होती म्हणून.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त गोरज, पंगती दुपारपासून. ठरल्याप्रमाणे सीमांतपूजनाला पाजींनी भांडण काढायचं होतं. सगळी भावकी कान टवकारून उभी. पाजींनी घसा खाकरला. "आमचं स्वागत..." म्हणाले आणि समोर तात्यांचा घामेजलेला चेहरा दिसला. "...फार छान झालं जी!" आबांनी काठी आपटली आणि तोंड फिरवून खुर्चीवर जाऊन बसले. मी नवरीच्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसले होते. ही बातमी आली आणि मला रडू कोसळलं. आई म्हणाली, "रडू नको, काजळ उतरंल." त्यामुळे मला जास्तच रडू आलं.

पहिली पंगत बसली. पाजींनी सवयीनं मसालेभाताच्या बादलीला हात घातला. माझ्या चुलतभावांना तात्यांनी सक्त ताकीद दिली होती. त्यांनी बादली काढून घेतली. "पाजी, आज न्हाई. आज तुमी बसायचं." पाजींनी मठ्ठा धरला. मठ्ठा गेला. लोणच्याची वाटी घेतली. तीही गेली. शेवटी बुंदीची बादली घेऊन दोन पानं वाढेपर्यंत तात्याच आले आणि वैतागून बादली ओढून म्हणाले, "व्याही, बसा म्हनलं ना एकदा!"

पाजींचा चेहरा एकदम उतरला. पळी त्यांनी हळूच खाली ठेवली. ते कार्यालयाबाहेर गेले, नवरदेवाच्या फुलांनी सजवलेल्या गाडीत जाऊन बसले आणि काचा वर केल्या.

मग माझी एक चुलती आनंदानं किंचाळली, "अगं बया, व्याही रुसला!"

पंगत अर्धी टाकून लोक उठले. बायका पदर सावरत धावल्या. व्हिडिओवाला दिवा घेऊन धावला. नवरीच्या खोलीच्या खिडकीत मी आणि माझ्या सहा मैत्रिणी. गाडीभोवती हे एवढं कोंडाळं, आणि आत पाजी, नाक लाल, नजर समोर. शिकवणीतलं एकही अक्षर त्यात नव्हतं. ते खरोखर रुसले होते. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कोणी वाढू दिलं नव्हतं.

आबा काठी टेकत आले. बोळकं पसरून हसत होते. "आता कसा व्याही दिसतोय! जा, काढ रुसवा." तात्यांनी टोपी काढली, नारळ घेतला, काचेवर टकटक केली. "व्याही, चुकलं आमचं. काय पायजे त्ये मागा."

काच दोन बोटं खाली आली. भावकी पुढे सरकली. आता काय मागतो, मोटारसायकल का अंगठी? आतून जाड आवाज आला, "एक बाल्टी."

"कसली?"

"बुंदी की."

सगळे आबांकडे बघायला लागले. आबा क्षणभर गोंधळले. मग काठी उंच करून म्हणाले, "रुसलेल्या व्याह्यानं मागितलं त्ये द्यावं लागतं. रीत हाय. द्या बादली!"

त्या दुपारी पाजींनी सात पंगती वाढल्या. पहिलं पान आबांचं. आबांनी दोनदा मागून घेतली आणि गोरजला पहिली अक्षता त्यांचीच पडली. मी हसत होते का रडत होते ते फोटो बघूनही कळत नाही, कारण काजळ गालावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपरीच्या गुरुद्वारात फेरे झाले आणि आमच्या दारातून पाठवणी निघाली. गळ्यात पडणं झालं, गाडी संत तुकाराम नगरकडे, पाजींच्या घराकडे, निघाली. नाशिक फाट्याच्या पुलावर मम्मीजींनी मागे वळून पाहिलं. "अरे, हे कुठं आहेत?" गाडी उलटी वळवली. आमच्या दारात तात्या आणि पाजी खांद्याला खांदा लावून उभे, दोघंही हुंदके देत, आम्ही गेलो त्या दिशेला हात हलवत. गाडी परत आलेली बघून पाजी डोळे पुसत पुढे धावले. "तात्याजी, मुलगी माहेरी आली! पाणी आणा!"

सासर म्हणजे काय ते मला कधी कळलंच नाही. त्या घरात मी मुलगी होते आणि हरजोत जावई. लोण्याचा मोठा गोळा जावयाला. तो कामाला निघाला की पाजी दारापर्यंत जाऊन म्हणत, "अजून दोन दिवस राहिला असता तर बरं वाटलं असतं." हरजोत कपाळावर हात मारायचा. एकदा आमचं दोघांचं खरंच जोरात भांडण झालं. मी बॅग भरली. खाली उतरले तर पाजी त्यांची बॅग घेऊन स्कूटरपाशी उभे. ते माझ्याबरोबर माझ्या माहेरी आले आणि तात्यांच्या शेजारी ओट्यावर बसून हरजोत माफी मागायला कधी येतो याची वाट बघत राहिले. तो आला तेव्हा दोघांनी मिळून त्याला झापलं. तेव्हा आबा हयात होते. म्हणाले, "मी उगाच घोर लावून घेतला हुता."

दोन वर्षांपूर्वी आषाढात पाजी गेले. छातीचा विकार होता, आठ दिवस दवाखान्यात होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला, जेवलात का, विचारायचे. नर्सला स्वतःची खुर्ची द्यायला निघाले, तर ते खाटेवर आहेत हे तिला सांगावं लागलं. शेवटच्या दिवशी तात्या उशाशी बसले होते. पाजी म्हणाले, "तात्याजी, या भाद्रपदात?"

"व्हय," तात्या म्हणाले. "या साली नक्की." इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते 'व्हय' म्हणाले होते. मला ते ऐकवेना, मी बाहेर जाऊन जिन्यात बसले.

महिनाभर तात्या सकाळी अकरा वाजता शेडच्या दारात जाऊन उभे राहायचे. हरजोत दोन कप आणायचा. तात्या एक प्यायचे, दुसरा गार होईपर्यंत धरून ठेवायचे. मग गौरी जवळ आल्या. आई मखराची तयारी करत होती, तेवढ्यात तात्या पिशवी घेऊन बाहेर आले. "औंदा गौरींचं तुमी बगा. मी बटाल्याला चाललो."

आई म्हणाली, "आन गौरींनी इचारलं तर काय सांगू?"

"सांग, लग्नाला गेलाय."

हरजोत आणि मी बरोबर निघालो. बटाला पाजी सांगायचे तसंच होतं, फक्त आवाज दहापट. गल्लोगल्ली माळा, कढया, ढोल, मंडपाखाली शेकडो माणसं जेवतायत. त्यात तात्यांची एकच पांढरी टोपी. आधी भिंत बघायला गेलो. तात्यांनी आयुष्यभर शेड बांधल्या. त्यांनी काचेला नाक लावून भिंत वरून खाली बघितली. "कललीय खरी," म्हणाले. मग काचेला टेकून बसलेल्या एका कुटुंबाकडे वळून मराठीत म्हणाले, "बाबांनो, जरा सरकून बसा." त्या लोकांना भाषा कळली नाही, पण ते सरकले. मी आणि हरजोतनं एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनाही हसू आवरेना, आणि मग रडूही.

बाहेर वरात जवळ येत होती. एका गल्लीच्या तोंडाशी खिरीचा लंगर होता. तात्या सरळ तिथं गेले आणि बादलीला हात घातला. तिथल्या सरदारजींनी प्रेमानं त्यांचा हात धरला, पाहुणे म्हणून खुर्चीवर बसवलं आणि खिरीचा द्रोण पुढे केला. तात्या उठले. पुन्हा बादली धरली. त्यांनी पुन्हा बसवलं. तिसऱ्यांदा बसवल्यावर तात्यांनी द्रोण बाजूला सारला, पायरीवर जाऊन सगळ्यांकडे पाठ करून बसले आणि मान ताठ केली.

सरदारजी घाबरले. दोघं-तिघं हात जोडून भोवती जमले आणि काय झालं, काय हवं, ते विचारू लागले. "बापूजी, की होया? की चाहीदा ए?"

हरजोत काही सांगायला पुढे निघाला, तर मी त्याचा हात धरला.

तात्यांनी मान न वळवता हात मागे केला. "बादली."

बादली मिळाली. ढोल गल्लीच्या तोंडाशी आले, फुलांची पालखी दिसली, वरातीतली पहिली माणसं आत शिरली. तात्या टोपी सारखी करून पुढे झाले. कोणीतरी त्यांना विचारलं, तुम्ही कोण, कुठले?

"आमी मुलीकडचे," तात्या म्हणाले आणि पहिल्या द्रोणात खीर ओतली. "या, या. लांबून आलात, तरास न्हाई ना झाला?"